सव्वा सेकंदाचा गुन्हा

फ्रान्समधल्या अ‍ॅमेझॉनच्या गोदामात कामगाराच्या हाती एक स्कॅनर असतो. आलेली वस्तू उचलायची, तिचा बारकोड टिपायचा, रॅकच्या कप्प्यात ठेवायची, पुढची उचलायची. प्रत्येक वेळी बारकोड टिपला की त्याची वेळ संगणकात जाते. दोन वस्तूंमध्ये सव्वा सेकंदापेक्षा कमी वेळ गेला तर कामगाराच्या नावावर चूक लागायची. इतक्या घाईत त्याने माल नीट पाहिलाच नसणार, असा त्यामागचा तर्क. या मोजमापाला कंपनीने नाव दिलं होतं ‘स्टो मशीनगन’. स्कॅनर एक ते दहा मिनिटं गप्प राहिला तर वेगळी नोंद आणि दहा मिनिटांच्या वर गप्प राहिला तर आणखी वेगळी. म्हणजे भरभर केलं तरी दोष आणि थांबलं तरी दोष. या दोन्हींच्या मध्ये जी अरुंद पट्टी उरते, तिच्यावरून आठ तास चालायचं.

सीएनआयएल ही फ्रान्समधली खासगी माहितीच्या संरक्षणाची सरकारी यंत्रणा. तिने २०२३च्या डिसेंबरअखेरीस कंपनीला ३ कोटी २० लाख युरोंचा दंड ठोठावला. निकालात कॅमेऱ्यांबद्दल आणि सूचना न देण्याबद्दलही आक्षेप आहेत, पण खरा रोख या मिनिटा-मिनिटाच्या हिशेबावर आहे. इतक्या बारकाईने खंड मोजले की कामगाराला लघवीला गेल्याचा, पाणी प्यायल्याचाही खुलासा द्यायची तयारी ठेवावी लागते, आणि एवढं मोजायला गोदाम चालवण्यापुरतं सबळ कारण नाही, असं यंत्रणेचं म्हणणं. प्रत्येक कामगाराचे, अगदी हंगामी माणसाचेसुद्धा, सगळे आकडे ३१ दिवस साठवून ठेवले जात, तेही तिला जास्त वाटलं. कंपनीने हे निष्कर्ष साफ नाकारले; सुरक्षितता आणि दर्जा राखण्यासाठी गोदामांच्या धंद्यात सगळेच असं करतात, असं तिचं उत्तर होतं. ‘सगळेच असं करतात’ हा उत्तराचा भाग बहुधा खराच आहे, आणि म्हणूनच हे प्रकरण एका कंपनीपुरतं राहत नाही.

कामगारावर नजर ठेवण्याची हौस अर्थातच संगणकाच्या कितीतरी आधीची. गोल इमारत, मध्ये मनोरा, मनोऱ्यातल्या माणसाला सगळे दिसतात पण तो कुणाला दिसत नाही, ही ‘पॅनॉप्टिकॉन’ची कल्पना इंग्रज तत्त्वज्ञ जेरेमी बेंथमच्या तुरुंगाची म्हणून प्रसिद्ध आहे. तिचा जन्म मात्र कारखान्यात झाला. जेरेमीचा भाऊ सॅम्युअल रशियात क्रिचेव्ह इथल्या जहागिरीवर कारखाने चालवत होता. आजच्या बेलारूसमधलं हे गाव. थोड्या माणसांनी पुष्कळ कामगारांवर नजर कशी ठेवायची, हा त्याचा प्रश्न होता. १७८६-८७मध्ये जेरेमी तिथे राहायला गेला आणि भावाची युक्ती त्याने कैद्यांसाठी, शाळांसाठी, इस्पितळांसाठी वाढवली. तुरुंगाची कल्पना कारखान्यात आली असं आपण समजतो. प्रवास उलटा झाला होता.

मुंबईच्या गिरणीत नजर ठेवण्याचं हे काम जॉबर करायचा. माणूस कामावर घ्यायचा तोच, साच्यांमधून फिरत नजर ठेवायचा तोच, आणि बदलीवाल्याला आज काम मिळणार की नाही हेही बऱ्याच अंशी त्याच्याच मर्जीवर. त्यासाठी त्याचे हातही ओले करावे लागत. जॉबरविषयी गोड बोलणारा गिरणी कामगार शोधून सापडायचा नाही. पण जॉबर दिसायचा. तो कुठल्या खात्यात आहे हे कळायचं, त्याच्याशी भांडता यायचं, गावकी-भावकीतून त्याला चार शब्द सांगता यायचे.

यंत्राने हजेरी घेण्याची सुरुवात न्यूयॉर्क राज्यातल्या ऑबर्न गावी झाली. विलार्ड बंडी या जवाहिऱ्याने १८८८च्या सुमारास एक घड्याळ बनवलं. प्रत्येक कामगाराला आपली किल्ली. ती फिरवली की कागदाच्या पट्टीवर त्याचा क्रमांक आणि वेळ छापली जाई. बंडीची कंपनी पुढे दुसऱ्या कंपन्यांत विलीन होत गेली आणि त्या विलीनीकरणातून उभ्या राहिलेल्या कंपनीने १९२४मध्ये आयबीएम हे नाव घेतलं. जगातल्या एका नामांकित संगणक कंपनीच्या वंशावळीत हजेरीचं घड्याळ आहे, हा योगायोग मला फार बोलका वाटतो.

बंडीच्या घड्याळाला माणूस आला कधी, गेला कधी, एवढंच कळायचं. मधल्या वेळात तो काय करतो, हे मोजायला अमेरिकी अभियंता फ्रेडरिक टेलरने स्टॉपवॉच आणलं. कामाचे तुकडे पाडायचे, प्रत्येक तुकड्याला सेकंद ठरवून द्यायचे. ऑगस्ट १९११मध्ये बोस्टनजवळच्या वॉटरटाउनच्या सरकारी शस्त्रागारात ओतकाम करणाऱ्या कामगारांपुढे एक माणूस स्टॉपवॉच घेऊन उभा राहिला आणि कामगार सरळ बाहेर पडले. संसदेची चौकशी झाली, टेलरला साक्षीला बोलावलं गेलं. पुढे अमेरिकी संसदेने लष्करी कामाच्या निधीलाच अट घातली: या पैशातून स्टॉपवॉच लावून कुणाचं काम मोजायचं नाही. ती अट १९४९पर्यंत टिकली. आज ज्या देशात कर्मचाऱ्याच्या कळफलकावर कंपनी बिनदिक्कत नजर ठेवू शकते, त्याच देशात एके काळी साध्या स्टॉपवॉचवर बंदी होती.

ओतकाम करणाऱ्याला समोरचा माणूस दिसला म्हणून तो बाहेर पडू शकला. संगणकाने हा समोरचा माणूस काढून टाकला. अमेरिकी संसदेच्या तंत्रज्ञान-मूल्यमापन कार्यालयाने १९८७मध्येच इलेक्ट्रॉनिक मुकादमावर एक अख्खा अहवाल लिहिला होता. तेव्हा विषय होता टंकलेखन करणाऱ्यांचे कळदाब आणि टेलिफोन ऑपरेटरच्या कॉलचे सेकंद. पुढे कॉल सेंटरमध्ये हीच मापं नोकरीचा कणा झाली. पुण्यात किंवा मालाडमध्ये रात्रपाळी केलेल्या कुणालाही ‘एएचटी’ म्हणजे काय ते विचारून पाहा. एक कॉल सरासरी किती वेळात संपवला, याचा तो आकडा. गिऱ्हाईक म्हातारं असो, रडत असो, आकडा वाढता कामा नये.

कार्यालयातल्या आजच्या सॉफ्टवेअरची रचना तशी सोपी आहे. एक छोटा प्रोग्रॅम संगणकात बसतो. कोणती खिडकी उघडी आहे, माउस हलतोय का, कळा दाबल्या जातायत का, हे तो दर काही सेकंदांनी टिपतो. काही प्रकारांत पडद्याचे फोटो निघतात, काहींत प्रत्येक कळ नोंदली जाते, काहींत कॅमेरा चेहरा समोर आहे की नाही ते बघतो. मग प्रत्येक अ‍ॅपला ‘कामाचं’ किंवा ‘बिनकामाचं’ असं लेबल लावलं जातं आणि संध्याकाळी टक्केवारी तयार होते. यातलं लेबल लावण्याचं काम सगळ्यात महत्त्वाचं, आणि त्याची चर्चा सगळ्यात कमी होते. यूट्यूब बिनकामाचं, पण तिथे बघून एखादी अडचण सोडवणाऱ्या प्रोग्रॅमरचं काय? खिडकीबाहेर बघत विचार करणाऱ्याला तर कुठलंच लेबल नाही. तो यंत्राच्या लेखी ‘निष्क्रिय’.

या क्षेत्रातली एक सुरुवातीची कंपनी आपल्या पुण्यातली. सेपियन्स अ‍ॅनॅलिटिक्स २००९मध्ये इथे सुरू झाली. तिचं सॉफ्टवेअर लंडनमधल्या बार्कलेज बँकेच्या एका विभागात बसवलं गेलं आणि फेब्रुवारी २०२०मध्ये तिथल्या ‘सिटी ए. एम.’ या वर्तमानपत्राने ते उघडकीस आणलं. कामात पुरेसा वेळ ‘रमला’ नाही अशा कर्मचाऱ्यांना सूचना येत होत्या: फोन मुका ठेवा, ईमेलचे इशारे बंद करा, वीस मिनिटांहून मोठी विश्रांती टाळा. बोभाटा झाल्यावर बँकेने काही दिवसांतच माघार घेतली आणि व्यक्तिवार आकडे दाखवणं थांबवलं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ब्रिटनच्या माहिती आयुक्त कार्यालयाची चौकशीही मागे लागली. याच बँकेने २०१७मध्ये मेजांखाली उष्णता ओळखणारे डबे लावले होते. खुर्चीत माणूस आहे की नाही ते कळावं म्हणून. तेव्हा बँकेचं म्हणणं होतं की माणसं मोजायची नाहीत, जागेचा वापर मोजायचा आहे.

मग आला कोविड. घराघरांत स्वयंपाकघराच्या ओट्यावर लॅपटॉप उघडले आणि साहेबांच्या डोळ्यांसमोरून माणसं नाहीशी झाली. नोव्हेंबर २०२०मध्ये मायक्रोसॉफ्टच्या ‘प्रॉडक्टिव्हिटी स्कोअर’वर टीकेची झोड उठली, कारण त्यात कोणत्या कर्मचाऱ्याने किती ईमेल पाठवले, किती मीटिंगांत कॅमेरा लावला हे नावानिशी दिसत होतं. कंपनीने १ डिसेंबरला नावं काढून टाकली. दोन वर्षांनी तिनेच केलेल्या पाहणीत ८७ टक्के कर्मचारी म्हणाले की आम्ही नीट काम करतोय. उलट ८५ टक्के वरिष्ठांना घरून आणि कार्यालयातून असं मिश्र काम सुरू झाल्यापासून लोक काम करतायत याची खात्री वाटेनाशी झाली होती. हे दोन आकडे शेजारी ठेवले की सॉफ्टवेअर नेमकं कुठल्या दुखण्यावर विकलं जातं ते कळतं.

कर्मचारीही काही हात बांधून बसले नाहीत. ‘माउस जिगलर’ नावाची वस्तू आज ऑनलाइन मिळते. माउस तिच्यावर ठेवायचा. ती त्याला अधूनमधून ढकलत राहते आणि पडद्यावरचा ‘हजर’ असल्याचा हिरवा ठिपका हिरवाच राहतो. २०२४मध्ये वेल्स फार्गो या अमेरिकी बँकेने डझनभराहून अधिक लोकांना कळफलकाची हालचाल बनावट केल्याच्या आरोपावरून काढून टाकलं. आता जिगलर ओळखणारी सॉफ्टवेअरं निघाली आहेत आणि त्यांना चकवणारे जिगलरही. दोन्ही बाजूंनी पैसा आणि डोकं खर्च होतंय, आणि यात बँकेचं काम काडीइतकंही पुढे सरकत नाही.

पण निदान उपयोग तरी होतो का? इथे आकड्यांकडे वळायला हवं, कारण बाजू घेणं सोपं असतं. ‘पर्सोनेल सायकॉलॉजी’ या नियतकालिकात काही वर्षांपूर्वी एक मोठा एकत्रित अभ्यास आला. ९४ वेगवेगळे नमुने, तेवीस हजारांवर माणसं. इलेक्ट्रॉनिक देखरेखीने कामगिरी सुधारते याचा त्यात पुरावा सापडला नाही. परिणाम जवळपास शून्य. ताण मात्र थोडा वाढलेला दिसला.

याच्या उलट जाणारा पुरावाही आहे आणि तो झाकून ठेवण्यात अर्थ नाही. अमेरिकेतल्या ३९२ उपाहारगृहांत वेटरांची गल्ल्यातली चोरी पकडणारी प्रणाली बसवली गेली, तिचा अभ्यास २०१५मध्ये प्रसिद्ध झाला. चोरीतली घट किरकोळच होती. पण उपाहारगृहांचं उत्पन्न सुमारे ७ टक्क्यांनी वाढलं. चोरीची वाट बंद झाल्यावर वेटरांनी टिप वाढवण्याकडे, म्हणजे गिऱ्हाइकाला नीट वाढण्याकडे लक्ष दिलं, असं संशोधकांचं अनुमान. या प्रणालीने एकच गोष्ट पाहिली, ती गैर आहे यावर कुणाचा वाद नव्हता, आणि बाकीचा दिवस वेटरचा वेटरकडेच राहिला. सव्वा सेकंद मोजणाऱ्या स्कॅनरशी तिची तुलना करणं मला पटत नाही.

या विषयावर मी वाचलेला सगळ्यात सुरेख प्रयोग मात्र दक्षिण चीनमधल्या मोबाइल फोनच्या एका अवाढव्य कारखान्यातला आहे. हार्वर्डच्या ईथन बर्नस्टीनने चीनमध्ये जन्मलेल्या काही विद्यार्थ्यांना तिथे साधे कामगार म्हणून पाठवलं. आपल्या शेजारी बसलेली मुलगी विद्यार्थिनी आहे, हे इतर कामगारांना माहीत नव्हतं. कारखाना पूर्ण उघडा होता, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सगळं दिसेल असा. विद्यार्थिनींना पहिल्या काही दिवसांतच दोन कारखाने दिसले. साहेब आला की सगळे ठरवून दिलेल्या पद्धतीने काम करत. साहेब पाठमोरा झाला की कामगार आपल्या युक्त्या वापरत: दोन कामं एका हालचालीत, एकमेकांच्या जागा बदलून, कुठे साचलंय ते बघून तिकडे हात लावून. आणि त्या युक्त्यांनी काम जास्त वेगात आणि जास्त चांगलं होत होतं! मग साहेबाला सांगत का नाहीत? कारण सांगितलं की ती युक्ती आधी चूक ठरते, तिचा खुलासा करावा लागतो. आणि बरोबर ठरलीच तर उद्यापासून कोटा वाढतो. यापेक्षा लपवलेलं बरं. भोवती पडदा असता तर आम्ही किती जास्त काम केलं असतं, असं एका कामगाराच्या बोलण्यात आलं. संशोधकांनी ते मनावर घेतलं आणि काही लाइनींभोवती खरोखरच पडदे लावले, दवाखान्यात खाटेभोवती असतात तसे. पडद्याआडच्या लाइनींचं काम १० ते १५ टक्क्यांनी वाढलं.

आपल्याकडे या सगळ्याचा भार पडतो तो सगळ्यात खालच्या पायरीवर. आयटीतला माणूस लेट मार्कवरून कुरकुरतो, ‘थंब लागला नाही’ म्हणून एचआरला मेल करतो. त्याच्याकडे मेल करायला एचआर तरी असतो. नागपूर महापालिकेने हजारो सफाई कामगारांच्या मनगटावर जीपीएसची घड्याळं बांधली. नवी मुंबई, पंचकुला, चंडीगड इथेही हाच प्रयोग झाला. नेमून दिलेल्या पट्ट्याची हद्द नकाशावर आखलेली. ठिपका हद्दीबाहेर गेला की नोंद, आणि नोंदीवरून पगारात कपात. घड्याळ चार्ज नव्हतं, नेटवर्क नव्हतं, ठिपका शेजारच्या गल्लीत दिसला, ही कारणं कुणाला आणि कशी सांगायची? पंचकुला-चंडीगडकडे घड्याळात कॅमेरा आणि माइक असल्याने शौचालयात ते काढून ठेवावं की नाही, हा प्रश्न बायकांनी विचारला होता. घड्याळ घालणाऱ्यांत बहुसंख्य दलित समाजातले. त्यांच्या कामावर देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्याच्या मनगटावर असं घड्याळ बांधल्याचं माझ्या तरी वाचनात नाही.

ऑगस्ट २०२१मध्ये महाराष्ट्रातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले मोबाइल परत केले. जिल्ह्याजिल्ह्यांत प्रकल्प कार्यालयांपुढे फोनचे ढीग लागले. फोन निकृष्ट होते, सारखे बंद पडत आणि दुरुस्तीचा खर्च सेविकेच्याच अंगावर येई. वर ‘पोषण ट्रॅकर’ हे केंद्राचं अ‍ॅप इंग्रजीत. ज्या बाईने पंचवीस वर्षं वजनाच्या नोंदी मराठीत, स्वच्छ अक्षरात ठेवल्या, ती एका रात्रीत कामात कच्ची ठरली.

आणि रोजगार हमी. ही योजना मुळात महाराष्ट्राची. १९७२च्या दुष्काळाच्या काळात ती इथे रुजली, १९७०च्या दशकाच्या अखेरीस तिचा कायदा झाला आणि पुढे त्याच वाटेने देशाचा कायदा आला. तिचं मस्टर हा पहिल्यापासून भांडणाचा विषय. खोटी नावं, मेलेली माणसं, न केलेल्या कामाची मजुरी, सगळं त्यात घुसायचं. तेव्हा मे २०२१मध्ये केंद्राने मोबाइल हजेरीचं अ‍ॅप आणलं, १ जानेवारी २०२३पासून ते जवळपास सगळ्या कामांवर सक्तीचं झालं. कामाच्या जागेवरून दिवसातून दोनदा मजुरांचा फोटो, ठिकाणाच्या खुणेसह. ज्यांना दिलेलं खोदकाम दुपारपर्यंत संपतं, त्यांनाही दुसऱ्या फोटोसाठी ताटकळावं लागे. नेटवर्क गेलं की हजेरी गेली आणि हजेरीबरोबर मजुरी. हे सोसून भ्रष्टाचार तरी थांबला का? जुलै २०२५मध्ये ग्रामविकास मंत्रालयानेच राज्यांना परिपत्रक काढून अ‍ॅपच्या गैरवापराचे प्रकार कळवले. कामाशी संबंध नसलेले फोटो, एकच मजूर अनेक मस्टरांवर, मस्टरवर बायका आणि फोटोत पुरुष, आणि सगळ्यावर कडी म्हणजे फोटोचा फोटो: छापलेल्या किंवा दुसऱ्या पडद्यावरच्या चित्रावर मोबाइल धरायचा, झाली हजेरी. त्यावर उपाय काय, तर ग्रामपंचायतीपासून राज्यापर्यंत माणसांनी बसून ते फोटो तपासायचे. जिथे नेटवर्क नाही तिथली खरी मजूर बाई या जाळ्यात अडकली, आणि ज्याला फोटोचा फोटो काढायचा होता तो आरामात निसटला.

कायदा कुठे काय म्हणतो, ते पाहिलं तर फरक ठळक दिसतो. रुमानियातल्या एका विक्री अभियंत्याला कंपनीने गिऱ्हाइकांसाठी याहू मेसेंजरवर खातं उघडायला सांगितलं होतं. २००७मध्ये त्याला विचारलं गेलं, खासगी वापर करतोस? तो नाही म्हणाला, तेव्हा कंपनीने त्याच्यापुढे ४५ पानं ठेवली. त्यांत भावाशी आणि होणाऱ्या बायकोशी झालेलं अगदी खासगी बोलणं शब्दन् शब्द होतं. नोकरी गेली. दहा वर्षांनी, सप्टेंबर २०१७मध्ये, युरोपीय मानवी हक्क न्यायालयाच्या मोठ्या पीठाने ११ विरुद्ध ६ अशा बहुमताने त्याच्या बाजूने कौल दिला. कंपनीने पाहूच नये असं न्यायालय म्हणालं नाही. आधी सांगितलं होतं का, किती पाहिलं, कशासाठी पाहिलं, कमी घुसखोरीत भागलं असतं का, हे तपासल्याशिवाय कर्मचाऱ्याला उघडं पाडता येणार नाही, असं ते म्हणालं. जर्मनीत तर १९७२पासून कायदाच आहे: कर्मचाऱ्यांच्या वागण्यावर किंवा कामगिरीवर नजर ठेवू शकेल असं कुठलंही यंत्र बसवण्याआधी कामगारांच्या निवडलेल्या मंडळाची संमती लागते. कॅलिफोर्नियात २०२२पासून गोदामातल्या कामगाराला त्याचा कोटा लेखी कळवावा लागतो, आणि शौचालयाला जाताही येणार नाही असा कोटा ठेवता येत नाही.

भारतात खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं सर्वोच्च न्यायालयाने २०१७मध्ये सांगितलं. त्यानंतर आलेल्या २०२३च्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्यात संमती हा पाया आहे; पण सातव्या कलमात काही वापर संमतीशिवायही वैध ठरवले आहेत आणि त्यांत नोकरीसाठी माहिती वापरणं, मालकाला नुकसानीपासून वाचवणं, हेही बसतं. ही मोकळीक किती लांब ताणायची, हे न्यायालयांत ठरेल. ऑक्टोबर २०२५मध्ये ओडिशातल्या महालेखापाल कार्यालयाच्या बायोमेट्रिक हजेरीचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढे आलं. आम्हाला विचारलंच नाही, असं कर्मचाऱ्यांचं म्हणणं होतं. केवळ विचारलं नाही म्हणून ही पद्धत बेकायदा ठरत नाही, असा निर्णय न्यायालयाने दिला. ही कर्मचाऱ्यांची संघटित, कायम नोकरीतली, वकील देऊ शकणारी फळी होती. नागपुरातल्या कंत्राटी सफाई कामगाराच्या मनगटावरचं घड्याळ कुठल्या न्यायालयाने हातात घेऊन पाहिल्याचं माझ्या तरी माहितीत नाही.